हे पैसे कुणाचे?



या वेळी खरं तर फोनच्या बॅटरीवर लिहायचं होतं. अर्धा लेख तयारही आहे. पण मध्येच वांकिडीहून मामीचा फोन आला आणि गेले दोन महिने डोक्यात दुसरंच चाललंय. त्यामुळे बॅटरी पुढच्या वेळी. आजचा विषय मनी लाँड्रिंग. घाबरू नका, ईडी माझ्या मागे लागलेली नाही!

वांकिडी सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. आसिफाबादहून चंद्रपूरकडे निघालं की सीमेच्या अलीकडे लागतं. पूर्वी जिल्हा आदिलाबाद, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद. पुढे महाराष्ट्र, मग राजुरा. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही, आणि शेजारीपाजारी गोंडी-कोलामी. निम्म्या सोयरिका पलीकडच्या. माझं आजोळ तिथलं.

आजोबांच्या लहानपणी सीमा इथे नव्हती, वर्धा नदीवर होती. राजुरा तालुकाही निजामाकडेच होता. १९५६ साली तो तिकडे गेला आणि सीमा आमच्या उंबऱ्याशी आली. निजामाचा रुपया वेगळा, त्याला हाली म्हणत. इंग्रजांचा तो कलदार. सात हाली दिले की साधारण सहा कलदार. नदीपलीकडे चांद्याला बैल विकले की कलदार हातात पडत आणि इकडे खर्चायला ते हालीत बदलून घ्यावे लागत. आजोबा सांगायचे, बदलून देणारा आधी तोंडाकडे बघायचा, नाण्याकडे नंतर. कुणाचा तू? कशाचे पैसे? ओळख पटली नाही तर सरळ वाटेला लावायचा. आज बँका केवायसी म्हणून जे कागद मागतात, त्याच्या मागचे प्रश्न तेच दोन आहेत.

आता मामीचा फोन. "अरे, याचं खातं बंद केलं म्हणते बँकवाला. तुह्या मामाचे कापसाचे पैसे त्यातच हायेत."

'हा' म्हणजे माझा मामेभाऊ. वय २२, आयटीआय झालेला, नोकरीच्या शोधात. फोनवर घेतलं तर आधी नुसता हूं-हूं करत राहिला. मग म्हणाला, "दादा, मी त काहीच नाही केलं. नुसतं खातं देल्लं."

झालं होतं ते असं. चंद्रपूरच्या एका मित्राच्या मित्रानं सांगितलं, ऑनलाइन गेमिंगवाल्यांना खाती लागतात. पासबुक, एटीएम कार्ड आणि त्या खात्याला जोडलेलं सिम द्यायचं, महिन्याला चार हजार मिळतील. काही करायचं नाही. यानं दिलं. पहिले चार हजार रोख मिळालेही. पुढच्या नऊ दिवसांत त्या खात्यात ११ लाखांच्या वर रक्कम आली आणि तितकीच गेली. दहाव्या दिवशी राजस्थानातल्या एका पोलीस ठाण्याकडून बँकेला पत्र आलं आणि खातं गोठलं. त्यानंतर दोन दिवसांनी राजुऱ्याच्या व्यापाऱ्यानं मामाच्या कापसाचे ५८ हजार नेहमीप्रमाणे त्याच खात्यात टाकले. मामाकडे साधा फोन, म्हणून घरचे व्यवहार मुलाच्या खात्यावरून चालतात. गोठलेल्या खात्यात पैसे आत यायला वाट होती, बाहेर जायला नव्हती.

मी हैदराबादेत काय काम करतो हे घरी कुणालाच नीट माहीत नाही. 'कंप्युटरमध्ये आहे' एवढंच. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करतो ते बँका वापरतात, आणि त्याचं काम नेमकं हेच: लाखो व्यवहारांतून संशयास्पद खाती बाजूला काढणं. बरेच दिवस झोपलेलं खातं अचानक जागं झालं का? वीस अनोळखी लोकांकडून पैसे आले आणि दहा मिनिटांत एकाच ठिकाणी गेले का? एकाच फोनवरून पाच जणांची खाती चालतात का? महिन्याला आठ हजारांची उलाढाल असलेल्या पोराच्या खात्यात एका दिवसात दोन लाख कसे? असे नियम आम्ही लिहितो. प्रत्येक खात्याला गुण मिळतात, ठरावीक गुणांच्या वर गेलं की ओळ लाल होते. सहा वर्षांत अशा किती लाल ओळी पाहिल्या त्याची गणती नाही. त्यातल्या एकीच्या मागे मामी उभी असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. (त्याच्या बँकेत आमचं सॉफ्टवेअर नाही. असतं तर दुसऱ्या दिवशीच पकडलं असतं, असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली.)

मनी लाँड्रिंग म्हटलं की आपल्याला स्विस बँक, नेते, सूटकेस आठवतात. तेही आहेच. पण गुन्ह्याचा पैसा धुण्याची रीत सगळीकडे सारखीच. आधी तो कुठेतरी आत सोडायचा. मग इतक्या हातांतून फिरवायचा की मागचा माग लागू नये. या पायरीला आमच्या धंद्यात 'लेअरिंग' म्हणतात, थरावर थर. शेवटी जमीन, दुकान, कंपनी असल्या सरळ दिसणाऱ्या गोष्टीत मिसळून टाकायचा. मधल्या थरांसाठी माणसं लागतात. खरी माणसं, खऱ्या आधार कार्डाची, खऱ्या बँक खात्याची. इंग्रजीत अशा खात्याला 'म्यूल' अकाउंट म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. पाठीवर काय लादलंय ते त्याला कळत नाही, पण नाक्यावर सापडतं तेच.

याविरुद्धची जगाची खटपट फार जुनी नाही. १९८८ च्या व्हिएन्ना करारात अमली पदार्थांचा पैसा धुणं हा गुन्हा ठरवायचं देशांनी मान्य केलं. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये सात श्रीमंत देशांच्या परिषदेत फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स, म्हणजे एफएटीएफ जन्माला आली. १९९० मध्ये तिनं ४० शिफारशी काढल्या. आज २०० हून जास्त देश आणि प्रदेश त्या पाळायला बांधील आहेत. गंमत म्हणजे या संस्थेकडे ना पोलीस ना न्यायालय. ती फक्त तपासते आणि नाव जाहीर करते. पण 'ग्रे लिस्ट'मध्ये नाव गेलं की त्या देशाशी व्यवहार करताना बाकीच्या जगातल्या बँका दहा वेळा विचार करतात. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ त्या यादीत होता, आणि बाहेर पडण्यासाठी त्यांना कायदे बदलावे लागले. आपल्या गावात पंचांनी वाळीत टाकायची भाषा केली की भलेभले नरम यायचे, त्यातलाच प्रकार.

भारत २०१० मध्ये एफएटीएफचा पूर्ण सदस्य झाला. त्याआधीच आपण मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायदा २००२ साली केला होता, तो १ जुलै २००५ पासून लागू झाला. शिक्षा तीन ते सात वर्षं. जाणूनबुजून मदत करणाराही त्यात येतो. दिल्लीत एफआययू म्हणून एक कचेरी आहे. बँका दहा लाखांच्या वरच्या रोख व्यवहारांची आणि संशयास्पद वाटलेल्या कुठल्याही व्यवहाराची माहिती तिकडे पाठवतात. अशा कचेऱ्या बहुतेक देशांत आहेत आणि त्या एकमेकींना माहिती देतात. त्यांच्या संघटनेचं नाव एग्मॉन्ट ग्रुप, कारण १९९५ मध्ये ब्रुसेल्समधल्या त्या नावाच्या राजवाड्यात त्यांची पहिली बैठक झाली. तर बँकेत फोटो, आधार, पॅन, 'धंदा काय' असले प्रश्न विचारून तो कारकून आपला वेळ खातो असं वाटतं ना? त्याचा धागा पॅरिसच्या दहाव्या शिफारशीला जाऊन मिळतो: ग्राहक कोण आहे आणि खात्यामागे खरा मालक कोण आहे, हे बँकेनं ओळखलंच पाहिजे.

'खरा मालक' या दोन शब्दांवर सगळं अडतं. निजामाचीच गोष्ट घ्या. सप्टेंबर १९४८, पोलीस कारवाईची धामधूम. हैदराबाद सरकारच्या लंडनमधल्या खात्यातून दहा लाख पौंडांहून थोडी जास्त रक्कम पाकिस्तानच्या तिथल्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवली गेली. काही दिवसांत निजामानं कळवलं, हे माझ्या परवानगीशिवाय झालंय, पैसे परत द्या. बँक म्हणाली, खातं त्यांच्या नावावर आहे, त्यांच्या संमतीशिवाय देता येणार नाही. ती रक्कम तिथेच पडून राहिली. निजाम गेले, उच्चायुक्त गेले, वांकिडी तीन राज्यं बदलून तेलंगणात आली. निकाल लागला २ ऑक्टोबर २०१९ रोजी: पैसा निजामाचे वारस आणि भारत सरकार यांचा. तोवर व्याजासकट साडेतीन कोटी पौंड झाले होते. तो मनी लाँड्रिंगचा खटला नव्हता. पण खातं एकाच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याचा, एवढा गुंता सोडवायला चांगले वकील असूनही ७१ वर्षं लागली, म्हणून सांगितलं.

आता आमच्या धंद्यातलं, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं प्रकरण. पुण्याची कॉसमॉस बँक, १९०६ सालची, कित्येक मराठी घरांच्या ठेवी तिथे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की मध्ये एक यंत्रणा असते, तिला स्विच म्हणतात. ती बँकेला विचारते, 'या माणसाच्या खात्यात पैसे आहेत का?' आणि बँकेचं उत्तर मशीनला कळवते. चोरट्यांनी काय केलं, बँकेला न विचारता स्वतःच 'आहेत, द्या' म्हणणारा दुसराच स्विच मध्ये बसवला. मग बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातूनही अडीच कोटी गेले. दोन दिवसांनी, १३ तारखेला, आणखी साधारण १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. एकूण ९४ कोटी. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटानं २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

इंजिनिअर म्हणून मला त्या बनावट स्विचचं कौतुक वाटतं हे कबूल करतो. डोकं आहे. पण नीट बघा, एवढं डोकं चालवूनही शेवटी मशीनसमोर कुणीतरी उभं राहावंच लागलं. नोटा मोजून पिशवीत भराव्या लागल्या. भारतात ते काम ज्यांनी केलं त्यात कोल्हापूरच्या एटीएममधून पैसे काढणारेही होते. पुण्याच्या न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवून तुरुंगात पाठवलं. तिकडे अमेरिकेत कॅनडाच्या एका माणसाला २०२१ मध्ये ११ वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली. असे एटीएममधून लुटलेले पैसे फिरवण्यासाठी माणसं जमवणं, खाती पुरवणं हा त्याचा उद्योग. आरोपांमध्ये '२०१८ मध्ये भारतातल्या एका बँकेतून' असा उल्लेख होता. हाँगकाँगला गेलेल्यातले काही पैसे परतही आले. म्हणजे देशांनी एकमेकांशी बोललं तर काम होतं. पण ज्यांनी स्विच लिहिला त्यांच्यापर्यंत कुणाचे हात पोचले नाहीत.

मालेगावचं प्रकरण तर थेट माझ्या मामेभावासारख्या पोरांचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उघडकीला आलं. नोकरी लावून देतो म्हणून डझनभर तरुणांची आधार, पॅन कार्डं घेतली, एका सहकारी बँकेच्या शाखेत त्यांच्या नावानं खाती उघडली, आणि थोड्याच दिवसांत त्या खात्यांतून १०० कोटींहून जास्त रक्कम आली आणि गेली. त्यातल्याच एका खातेदारानं तक्रार केली म्हणून वाचा फुटली. मग ईडीनं मालेगाव, नाशिक, मुंबई, शिवाय गुजरातेत छापे घातले. प्रकरण न्यायालयात आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. पण त्या एका मुलानं स्वतःहून पोलिसांकडे जायची हिंमत केली, हे मी मामेभावाला चार वेळा सांगितलं.

तो ऐकत नव्हता. म्हणजे भांडत नव्हता, पण मान खाली घालून बसायचा. मी एका शनिवारी वांकिडीला गेलो. ओसरीवर बसून त्याला समजावत होतो, की राजस्थानच्या त्या ठाण्याला लेखी कळव, बँकेत अर्ज दे, आसिफाबादला सायबर पोलिसांकडे जबाब दे, आणि त्यात चंद्रपूरच्या माणसाचं नाव सांग. नाव म्हटलं की तो गप्प. मित्राचा मित्र आहे, गावात तोंड कसं दाखवू. मी मग कायदा काढला, शिक्षा काढली, एफएटीएफ काढली. माझं मलाच ऐकवेना.

मामी आतून तांदूळ निवडत ऐकत होती. ती म्हणाली, "मंग ते अकरा लाख कुणाचे होते?"

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. नऊ दिवसांत ते खातं मी ओळीनं वाचलं होतं, वेळ, रक्कम, कुठून, कुठे. तो तर आधी एवढंच बघायचा की बॅलन्स परत शून्य झाला का. ते गेमिंगचे पैसे नव्हतेच. राजस्थानच्या तक्रारीत रक्कम होती एक लाख ८५ हजार, आणि तक्रारदाराच्या वयाच्या रकान्यात ६७. एवढंच आम्हाला दिसलं. नाव नाही, गाव नाही. वीजबिलाच्या नावानं फसवलं की शेअरच्या, की 'डिजिटल अरेस्ट'च्या, माहीत नाही. बाकीच्या साडेनऊ लाखांमागची माणसं तर तेवढीही दिसत नाहीत. त्यांनी तक्रार केली नसेल, किंवा अजून त्यांना कळलंच नसेल.

मामी म्हणाली, "मामापेक्षा मोठा हाय तो माणूस."

सोमवारी पोरगा आसिफाबादला गेला. नावासकट जबाब दिला. मी रजा वाढवून बरोबर गेलो होतो, पण आत एकटाच गेला.

इथे माझं एक मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. ही सगळी आंतरराष्ट्रीय यंत्रणा मला हवीशी वाटते, तिच्यावर माझं पोटही चालतं. पण ती खालचं नाव फार पटकन पकडते आणि वरच्या नावापर्यंत पोचताना दमते. जगाच्या एकूण उत्पन्नाच्या दोन ते पाच टक्के इतका पैसा दरवर्षी धुतला जातो असा संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाचा अंदाज वर्षानुवर्षं सांगितला जातो. त्याच कार्यालयाच्या २०११ च्या अहवालानुसार त्यातला जप्त होतो तो एक टक्काही नाही. एफएटीएफनं २०२४ मध्ये भारताचं मूल्यमापन जाहीर केलं, चांगला शेरा दिला, पण खटले फार रेंगाळतात हेही लिहिलं. आमच्या घरी त्याचा अर्थ असा, की लाल ओळ दहाव्या दिवशी लागली आणि चंद्रपूरच्या माणसाचा नंबर तेव्हापासून बंद आहे. तो तरी मालक कुठे, तोही मधलाच थर.

म्हणून कॉलेजमधल्या वाचकांना दोनच गोष्टी सांगतो, कारण या जाहिराती आता तुमच्याच फोनवर येतात. कुणालाही, अगदी जवळच्या मित्रालाही, खातं, कार्ड किंवा सिम 'वापरायला' देऊ नका, आणि 'तुझ्या खात्यात टाकतो, तू पुढे पाठव' याला हो म्हणू नका. आणि दिलंच असेल तर गप्प बसू नका. आजच बँकेला लेखी कळवा. तुमचेच पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत केला तर पैसे वाटेत अडवता येतात. कुठल्यातरी अनोळखी पोराच्या खात्यातच अडकतात ते. राजस्थानच्या त्या आजोबांनीही बहुधा तेच केलं असावं.

मामाचे ५८ हजार अजून सुटलेले नाहीत. अर्ज केलाय, कापूस विकल्याची पावती जोडलीय, व्यापाऱ्यानं पत्र दिलंय. तक्रारीची रक्कम शिल्लकेपेक्षा मोठी, म्हणून सगळंच धरून ठेवलंय. पेरणी तोंडावर आली. बियाण्यासाठी मामा माझ्याकडे मागणार नाही हे माहीत होतं, म्हणून गेल्या आठवड्यात मीच मामीच्या खात्यात ३० हजार पाठवले. पाचच मिनिटांत तिचा फोन.

"खात्यात पैसे आले म्हणून मेसेज आला. हे तुहेच हायेत ना रे?"